कड्यावर रेंज नाही

केरू नोकरी आटोपून मुंबईहून कायमचा घरी आला तो गणपतीत. आता मार्गशीर्ष लागला होता. भात झोडून घरात आलं होतं, मळ्यात कुळीथ उगवून वर आला होता, काजूला मोहोर धरू लागला होता. पण साखरकोंडातल्या स्वतःच्या घरात केरू अजून चाकरमानीच होता.

चाकरमान्याचे लाड कसे होतात ते रत्नागिरीकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. तो येतो तोच मुळी परत जाण्यासाठी. एसटीतून उतरला की गावातला पहिला माणूस त्याला विचारतो, "कदी आलास?" आणि त्याचं उत्तर पुरतं ऐकायच्या आत पुढचा प्रश्न, "कदी जानार?" मधले आठ दिवस त्याला कोणी कामाला हात लावू देत नाही. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै आणि तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल गेली, असं म्हणतात. केरूचा तिसरा दिवस उलटून तिसरा महिना सरत आला होता, तरी त्याची बायको तुळसा हिचा पाहुणचार काही आटत नव्हता.

तो उठायच्या आत न्हाणीत त्याचं पाणी तापलेलं असायचं. मासेवाली आली की त्याच्यासाठी बांगडे घेतले जायचे, आणि स्वतः तुळसा कुळथाच्या पिठीवर भागवायची. ओटीवर एक प्लास्टिकची खुर्ची होती, ती त्याची. त्यानं कोयता हातात घेतला की ती म्हणायची, "ऱ्हाऊद्या, हात सोलवटतील." गोठ्याकडं वळला की, "कपड्यांना वास लागंल." अंगमेहनतीचं काही निघालं की खालच्या वाडीतल्या दादूला सांगावा जायचा. दादू यायचा, घाम गाळायचा, आणि केरू खुर्चीत बसून ते बघायचा. स्वतःच्या बागेत दुसऱ्याला राबताना बघणं हे फार वाईट काम आहे, आणि त्याला सुट्टीही नसते. आणि निघताना दादू विचारायचाच, "मंग केरूदादा, मुंबय कदी?"

पण त्याला सगळ्यात लागलं ते बॅगेचं. तुळसा त्याचे कपडे धुवायची, वाळवायची, नीट घड्या घालायची आणि पुन्हा त्याच्या बॅगेतच ठेवून द्यायची. लोखंडी कपाटात तिच्या साड्या होत्या, लग्न होऊन गेलेल्या लेकीचे, दर्शनाचे, परकर-पोलके होते, मुंबईला नोकरीला गेलेल्या मुलाची, संदेशची, दहावीची पुस्तकंसुद्धा होती. केरूचा शर्ट तेवढा एकही नव्हता.

सरळ विचारलं असतं तर एका वाक्यात निकाल लागला असता. पण विचारील तो केरू कसला. उभा जन्म त्यानं फोर्टातल्या एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट चालवली होती. लिफ्टमननं मजला विचारावा, मनातलं विचारू नये, अशी त्याची शिस्त. तेव्हा त्यानं खुर्चीत बसून आपणच हिशोब मांडला आणि आपणच उत्तर काढलं. आपण मुंबईत असताना तुळसानं घर शाकारलं, काजू लावले, दर्शनाचं लग्न जुळवलं, संदेशला शिकवून मोठं केलं. घराला आपण जड झालोय असं नाही. पण आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही. माणूस घरचा असला तर त्याच्यावाचून काहीतरी अडायला हवं. हे उत्तर काढल्यापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

त्यातच संदेशनं मुंबईहून कळवलं, की ठाण्याला एका सोसायटीत लिफ्टवर आणि पाण्याच्या पंपावर लक्ष ठेवायला भरवशाचा माणूस हवा आहे. राहायला खोली देतात. सेक्रेटरी ओळखीचे आहेत, रविवारपर्यंत थांबतील, मग दुसरा बघतील. केरूनं ही गोष्ट जेवताना तुळसाच्या कानावर घातली आणि घास तोंडात तसाच धरून तिच्याकडं बघत राहिला.

तुळसानं त्याच्या ताटात भात वाढला. "तुमाला बरं वाटंल तसं करा," ती म्हणाली.

या वाक्याला हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. केरूनं मात्र ते 'जा' असंच ऐकलं. पुढं दोन दिवस दोघांनीही तोंडात मूग धरले.

रविवारी दुपारी चहा पिऊन तो उठला. सेक्रेटरींना फोन करायचा होता, आणि साखरकोंडात फोन लागत नाही. शाळेमागं टॉवर उभा आहे, पण त्याच्यावर अजून कावळ्यांशिवाय कोणी बोलत नाही. फोन करायचा तर एक तर हातखंब्याला नाक्यावर जायचं, नाही तर डोंगर चढून वरच्या कातळाच्या पठारावर, सड्यावर. एवढे दिवस केरू हातखंब्याला जायचा; तेवढाच चहाच्या टपरीवर वेळ निघून जायचा. आज तो म्हणाला, "सड्यावर जाऊन येतो. तू फोन करायचीस ती जागा बघायची राहिलीच आहे."

तुळसा भांडी घासत होती. तिचा हात थांबला. "कड्यावर?"

"कड्यावरच की. घारीच्या कड्यावर."

मग हात धुऊन तिनं पदर खोचला. "मीबी येते. माजाबी एक फोन हाय. उद्या गवताचं भारं खाली आनायचंत, दादूला सांगायला होवं."

मोबाईल नवे नवे आले तेव्हापासून रविवारी चारच्या सुमाराला तुळसाचा फोन यायचा. लालबागला गाववाल्यांची खोली होती, तिच्यात पंधरा-वीस जण झोपायचे, बोलायला जागा नसायची. केरू जिन्याच्या पायरीवर येऊन बसायचा. घरचं बोलणं पाच मिनिटांत संपायचं. मग तो विचारायचा, "कड्यावर आहेस ना? काय दिसतं?" आणि तुळसा सांगायची. खाडीला भरती आहे. समुद्र आज निळा नाही, पांढुरका आहे. खालच्या मळ्यात लावणी उरकली, आपल्या शेवटच्या कुणग्यातली, त्या टिचभर खाचरातली, तेवढी राहिलीय. घारी खालून उडतायत. लहानपणी केरू त्याच कड्यावर गुरं घेऊन जायचा, त्यामुळं ती जे सांगायची ते त्याला लख्ख दिसायचं. आठवडाभर बंद डब्यात वर-खाली केल्यावर रविवारची ती दहा मिनिटं म्हणजे त्याला कुणी डोंगरावर नेऊन बसवल्यासारखी वाटायची. गावी आल्यावर मात्र कड्यावर जाणं दर खेपेला राहून जायचं. कधी देवाचं, कधी लग्नाचं, कधी पावसाचं निमित्त. घरच्या माणसाला घरचा डोंगर बघायला कधीच सवड नसते. रत्नागिरीची माणसं गाड्या काढून बघून जातात.

घरामागच्या आंब्यापासून पाखाडी वर जाते. जांभ्याच्या पायऱ्या, पावसाळ्यातल्या शेवाळाचे काळे डाग अजून तसेच. केरू पुढं आणि तुळसा मागं. चढ तसा फार नाही. पण लिफ्टनं आयुष्य काढलेल्या माणसाला पायऱ्यांचा सराव कुठला? अर्ध्या वाटेवर त्याला धाप लागली. तुळसा चार पायऱ्या खाली उभी राहून उगाच एका करवंदीच्या जाळीकडं बघत राहिली. करवंदं वैशाखात होतात. ती त्याला दम घ्यायला सवड देत होती, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला बरंही वाटलं आणि वाईटही. पाहुण्यालाच इतकं जपतात.

सड्यावर पोचल्यावर वारा लागला. सगळीकडं पिवळं पडलेलं गवत, मध्ये मध्ये उघडा काळा कातळ. तुळसाच्या वाटणीचं गवत कापून झालं होतं, त्याचे भारे बांधून ओळीनं ठेवले होते. इथं वाट फुटते. उजवीकडची सड्याच्या दुसऱ्या टोकाला चिरेखाणीकडं जाते, आणि डावीकडची कड्यावर. तुळसा फाट्यावर उभी राहिली. तिनं उजवीकडं पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण केरू डावीकडं चालायलाही लागला होता. लहानपणची वाट पायांना आपोआप सापडते.

"चला," ती म्हणाली. "आदी तितंच जाऊ."

त्या 'आदी'कडं त्याचं लक्ष गेलं नाही.

कड्यावर आता ग्रामपंचायतीनं लोखंडी कठडा बसवलाय, सिमेंटचा बाक टाकलाय आणि निळ्या पाटीवर 'सनसेट पॉइंट' असं लिहिलंय. साखरकोंडातली माणसं मात्र अजून त्याला घारीचा कडाच म्हणतात. बाकावर कुणी नव्हतं. केरू कठड्याला धरून उभा राहिला, आणि बघतच राहिला.

कडा तिथून सरळ खाली तुटतो. पायाशी आंब्या-काजूची गर्द झाडी, तिच्यापुढं कापणी झालेले मळे, आणि त्यांतून वळणं घेत गेलेली काजळी नदी. भरती असावी. नदीला पाणी काठोकाठ होतं आणि ते उलटं, वर येत होतं. दोन्ही काठांना माड. डावीकडं दूरवर रेल्वेचा उंच पूल, इथून आगपेटीच्या काड्या उभ्या केल्यासारखा. पार पुढं भाट्याची खाडी रुंद होत गेलेली, आणि तिच्याही पलीकडं उन्हात चमकणारी समुद्राची पट्टी. एक घार कड्याच्या खालून संथ फिरत होती. तिची तपकिरी पाठ वरून दिसत होती. घारीची पाठ बघायला मिळणं ही मोठी चैन आहे. जमिनीवरच्या माणसाला तिचं पोटच दिसतं.

केरूचे डोळे भरून आले. एवढी वर्षं त्यानं लोकांना वर पोचवलं होतं. तिसरा मजला, सातवा मजला, अकरावा मजला. दार उघडायचं, माणसं बाहेर पडायची, आणि हा पुन्हा खाली. वर गेल्यावर त्या लोकांना काय दिसतं ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्याला जे काही दिसलं होतं ते तुळसानं सांगितलं म्हणून. आणि तिनं सांगितलं होतं ते अगदी असंच होतं, तसूभरही इकडचं तिकडं नाही.

आता उद्या-परवा पुन्हा तिकडं जायचं, आणि पुन्हा रविवारची वाट बघायची. त्यानं बराच वेळ काढला. मग डोळे पुसून खिशातून फोन काढला.

फोनवर एकही रेघ नव्हती. तो कठड्याच्या या टोकाला गेला, त्या टोकाला गेला. बाकावर चढला. साठीचा माणूस बाकावर उभा राहून आकाशाला फोन दाखवतोय हे बघून तुळसाला हसू आलं असतं. पण ती हसली नाही. ती पाटीला टेकून खाली बघत होती.

"तुळसे, रेंज कुठे येते इथे?"

"हितं नाय येत."

"नाय येत म्हणजे? आज नाय?"

"कदीच नाय येत. हिकडं डोंगराची आड हाय."

केरू बाकावरून उतरला. "मग तू फोन कुठून करायचीस?"

"चिरेखानीवरनं," तुळसा म्हणाली. "तितं येती रेंज."

चिरेखाण केरूला ठाऊक होती. सड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पूर्वेच्या अंगाला. तिथं चिरे कापायची मशीन असते, लाल धूळ असते, ट्रक असतात. तिथून नदी दिसत नाही, खाडी दिसत नाही, समुद्राचं तर नावच नको. दिसतो तो चौकोनी खड्डा. सगळ्या आयुष्यात त्यानं एकच गोष्ट जपून ठेवली होती, आणि तीच बनावट निघावी?

"म्हणजे भरती आहे, समुद्र पांढुरका आहे, हे सगळं... खोटं सांगायचीस मला?"

तुळसा चटकन वळली. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "खोटं कनाला सांगू? बगूनच जायची मी."

"काय बघून जायचीस?"

"हेच. आदी हितं यायची. सगळं बगायची. मंग तिकडं खानीवर जायची नि तुमाला फोन करायची."

केरूनं हातातला फोन खिशात घातला.

मग तिनं सांगितलं. पहिल्यांदा फोन केला तेव्हा तिला चिरेखाणीवरच रेंज मिळाली होती. तिकडून केरूनं हौसेनं विचारलं, कड्यावर आहेस ना? पैसे संपत आले होते, तिनं आपलं "हा" म्हणून टाकलं. त्यानं विचारलं, खाडीला भरती आहे काय? त्यालाही "हा" म्हणाली. फोन ठेवला नि तिच्या जिवाला लागून राहिलं, की माणूस तिकडं एवढ्या आशेनं विचारतो आणि आपण अंदाजानं ठोकून देतो. तशीच ती सडा तुडवत कड्यावर आली. बघते तर ओहोटी. नदीत नुसता चिखल.

"त्या दिशी ठरवलं," तुळसा म्हणाली, "तुमी इचारनार तर बगूनच सांगायचं. एवढं चालत यायचं नि येवढंच परत जायचं. त्यात काय?"

"पावसात पण?"

"पावसात काय दिसतंय हितं? नुसतं धुकं."

केरूला आठवलं. आषाढ-श्रावणातल्या कितीतरी रविवारी तुळसा फोनवर म्हणायची, आज कायच दिसत नाय. आणि तो थोडा खट्टू व्हायचा. काही दिसत नाही एवढं सांगायलासुद्धा ही बाई डोक्यावर इरलं घेऊन भर पावसात सड्याच्या या टोकाला येत होती आणि त्या टोकाला जात होती. त्यानं कधी फोनवर तिला विचारलं नव्हतं, की तू दमलीस का. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

तो बाकावर बसला. तुळसाही, दोघांमध्ये एक माणूस बसेल एवढं अंतर ठेवून, बसली. खाली नदीत एक होडी भरतीबरोबर वर येत होती.

आज विचारलं नाही तर कधीच विचारणार नाही, हे केरूला कळलं. "तुळसे," तो म्हणाला, "एवढं करायचीस माझ्यासाठी. मग आता मी आलोय तर मला पाहुण्यासारखं का ठेवतेस? कोयत्याला हात लावू देत नाहीस. माझे कपडे अजून बॅगेत. तुला मी नको असेन तर तसं सांग. मी राग नाही धरणार."

तुळसानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"लाकडाऊनच्या साली आलेलाव तुमी," ती म्हणाली. "आठवतं?"

"आठवतं की."

"पाच म्हैने व्हतात. तवा मी कपाटात तुमचा खन केला. गोठा तुमी बगायचाव, लावनी दोगांनी केली, पानी तुमी भरायचाव. माला वाटलं, आता संपलं एकदाचं. दादूला सांगितलं, बाबा, तू दुसरीकडं काम बग. आनि मंग हापिसातनं निरोप आला. भात अर्धं कापलेलं, अर्धं उभं. तुमी दोन दिसांत गेलाव."

केरूची नोकरी होती, जावं लागलं. पण ते अर्धं उभं भात त्याला या क्षणापर्यंत एकदाही आठवलं नव्हतं.

"काम काय, काम मी आदीबी करतच व्हते," तुळसा म्हणाली. "पन त्याच्या आदी ते जड वाटत नव्हतं. तुमी हातभार लावलाव आनि गेलाव, मंग तोच हंडा माला उचलंना. रातचं जेवान एकटीला गिळंना. सवय मोडली व्हती ना. पुन्ना लावायला दोन वर्सं गेली माजी." तिचा आवाज भरून आला, पण ती थांबली नाही. "तुमी नको झालाव म्हून न्हाय ठेवलं तसं. तुमी जानार, ह्ये धरून ठेवलं. आनि बगा, आलाच की नाय मुंबयचा निरोप? एकटीनं ऱ्हायाची सवय मी आता मोडू का नको, येवढंच तुमी माला सांगा. बाकी माजं काय म्हननं नाय."

एवढं बोलून ती समोर बघत बसली. इतक्या वर्षांत ती एका दमात एवढं कधी बोलली नव्हती. फोनवर तर नाहीच, तिथं पैसे जायचे.

केरूनं खुर्चीत बसून मांडलेला हिशोब पार चुकला होता. आपल्यावाचून हिचं अडत नाही असं तो समजत होता, आणि ही बाई आपल्यावाचून अडू नये म्हणून तीन महिने जिवाचा आटापिटा करत होती. दोघं एका घरात राहून एकमेकांना जायला वाट करून देत होती. तो उठला.

"चल," तो म्हणाला. "फोन करायचा राहिलाय."

तुळसाचा चेहरा उतरला. पण ती मुकाट्यानं उठली आणि पुढं झाली.

फाट्यापाशी आल्यावर ती उजव्या वाटेला लागली, आणि केरू तिच्या मागं. ही वाट त्याच्या पायांना ठाऊक नव्हती. कातळ पायाला टोचत होता, ऊन अजून तिरपं लागत होतं, आणि खाण काही येत नव्हती. हे असं चालून, मग उभं राहून, मग हसऱ्या आवाजात भरती-ओहोटी सांगायची. तुळसाची पावलं मात्र एकसारखी पडत होती. पुढं चालणाऱ्या तिच्या पाठीकडं तो बघत राहिला. पन्नाशी कधीच उलटली होती, वेणीत काळ्यापेक्षा पांढरं जास्त होतं. मध्ये एकदा तिनं वळून पाहिलं, तो येतोय ना म्हणून.

रविवार असल्यामुळं खाण बंद होती. कापलेल्या चिऱ्यांच्या थप्प्या, त्यांच्यावर लाल धूळ, आणि मध्ये तो खोल चौकोनी खड्डा. तळाला पावसाचं हिरवं पाणी साठलेलं. एका थप्पीपाशी तुळसा थांबली.

"हितं उबं ऱ्हायाचं," ती म्हणाली. "दोन पावलं हिकडं झालाव तर जाते."

केरू त्या जागेवर उभा राहिला. खिशातला फोन थरथरला, संदेशचे निरोप एकामागोमाग आले. समोर बघायला काहीही नव्हतं. त्यानं नंबर लावला. तुळसा थोडी लांब गेली आणि पाठ करून खड्ड्यातल्या पाण्याकडं बघू लागली. ऐकायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पण सड्यावर वाऱ्याशिवाय दुसरा आवाज नव्हता.

"नमस्कार साहेब, केरू बोलतोय. संदेशचा बाबा. हो. त्या कामाचंच. साहेब, मला नाही जमायचं." तिकडून काहीतरी बोलणं झालं. "नाही, पगाराचं काही नाही. तब्येतही बरी आहे. घरी काम आहे." पुन्हा बोलणं. "नाही नाही, चार दिवसांचं नाही. कायमचंच आहे. तुम्ही दुसरा माणूस बघा."

त्यानं फोन बंद केला. तुळसा वळली नाही. तिनं पदर तोंडाशी धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. केरू काही तिच्याजवळ गेला नाही. गावाकडची माणसं अशा वेळी जवळ जात नाहीत, आपापल्या जागी उभी राहून वाट बघतात. तो त्या रेंजच्या जागेवरच उभा राहिला.

थोड्या वेळानं तिनं तोंड पुसलं, त्याच्याजवळ आली आणि हात पुढं केला. "द्या तो हिकडं. माजा फोन ऱ्हायलाय."

तिनं आठवून आठवून आकडे दाबले. दादू रविवारचा हातखंब्याला भावाच्या टपरीवर असतो, तिथं लगेच लागतो.

"दादू, मी तुळसाकाकी. अरे, उद्या भाऱ्यांना येतो म्हनालावतास ना? नको येऊ." तिनं एकदा केरूकडं पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, बाजारात बैल बघावा तसं. "नको. घरात मानूस हाय. कोन म्हंजे? माजा घोव."

पलीकडून दादू काहीतरी हसून बोलला असावा. विचारलं काय असेल ते केरूला न ऐकताही कळलं. तीन महिने तो तेच विचारत होता.

"नाय," तुळसा म्हणाली. "आता नाय जायचा त्यो."